सेप्टिक टँक आणि टाकीत उतरणारा माणूस

अमेरिकेत दर पाच घरांमागे एकाहून थोड्या अधिक घरांचा मैला शहराच्या गटारात जात नाही; तो अंगणात पुरलेल्या टाकीत जातो. शहराबाहेर घर घेणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना ही गोष्ट खरेदीच्या कागदांवर सह्या करताना प्रथम कळते. विहारासाठी जागा पाहू लागलो की ती हमखास कळते, कारण आपल्या वर्गणीत बसणारी जमीन बहुधा गटाराची नळी जेथे संपते तिच्या पलीकडे असते. मग टाकी किती गॅलनची, ती शेवटची केव्हा उपसली, हे प्रश्न विचारले जातात, उत्तरे मिळतात आणि कागद फायलीत जातो. ही टाकी कोठून आली आणि कोणाच्या जागी आली, हे कोणी विचारत नाही. आपण विचारायला हवे. मैला कोणी उचलायचा हा प्रश्न ज्या देशाने जातीच्या आधारे सोडवला त्या देशातून आपण आलो आहोत. आणि ज्या शास्त्याला आपण शरण गेलो त्याच्या संघाने तोच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शौचकूपाविषयीचे नियम आहेत. खड्ड्याच्या कडा ढासळू लागल्या तेव्हा त्या विटांनी, दगडांनी किंवा लाकडाने बांधून घेण्यास अनुमती दिली गेली. दुर्गंधी सुटली तेव्हा झाकणाला अनुमती मिळाली. हे झाले स्थापत्य. त्याहून महत्त्वाचे आहे ते वर्तनाचे नियम सांगणारे प्रकरण. ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचास जाण्याची रीत पडली होती, आणि आपली पाळी येईपर्यंत कळ सोसणारे नवे भिक्खू मूर्च्छा येऊन पडत. तेव्हा जो आधी येईल तो आधी जाईल असा नियम झाला. भोजनात आणि आसनात ज्येष्ठता पाळणाऱ्या संघाने शौचकूपाच्या दारात ती बाजूला ठेवली. त्याच प्रकरणात ब्राह्मणकुळातून आलेल्या एका भिक्खूची गोष्ट येते. घाणीला हात कोण लावील, असे म्हणून तो शौचानंतर पाणी घेत नसे. त्याच्या निमित्ताने पाणी असताना ते घेतलेच पाहिजे असा नियम झाला. शौचकूप अस्वच्छ दिसला तर त्याने तो धुवावा, पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर भरावे, ही कर्तव्ये तेथे जाणाऱ्या प्रत्येक भिक्खूला सांगितली आहेत. त्यासाठी वेगळा वर्ग नेमलेला नाही. फुलांचा कचरा झाडणारा सुनीत ज्या संघात थेर झाला, त्या संघाचे हे नियम आहेत हे लक्षात ठेवले म्हणजे त्यांचे वजन कळते.

युरोपात हे काम जातीचे नव्हते, पण गरिबाचे होते, आणि त्या गरिबाकडे प्रथम नीट पाहिले ते इटलीतील मोदेना येथील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने. त्याच्या घरचा शौचकूप उपसण्यास एक माणूस आला होता. तो जिवाच्या आकांताने घाई करीत होता. इतकी घाई कशाला, असे रामाझ्झिनीने विचारले, तेव्हा त्या माणसाने मान वर करून सांगितले की येथे चार तासांहून अधिक राहणाऱ्याचे डोळे जातात. वर आल्यावर वैद्याने त्याचे डोळे पाहिले. ते लाल आणि निस्तेज झालेले होते. घरी गेल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढाच उपाय त्या माणसाला ठाऊक होता. या लोकांच्या खिशातली तांब्याची नाणी काळी पडतात, हेही रामाझ्झिनीने नोंदवून ठेवले. १७०० साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा आरंभ मानला जातो. म्हणजे आज कारखान्यापासून संगणकाच्या खुर्चीपर्यंत कामगाराच्या आरोग्याचा जो विचार होतो, त्याच्या मुळाशी एक मैला उपसणारा माणूस आहे. ग्रंथकर्त्याचे नाव जगाला माहीत आहे. त्या माणसाचे नाव कोठे नोंदलेले नाही.

नाणी काळी पाडणारा आणि डोळे जाळणारा वायू एकच: हायड्रोजन सल्फाइड. हवा न लागता मैला कुजतो तेव्हा तो तयार होतो. थोडा असता त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते. स्थिर गाळात तो दडून बसलेला असतो. गाळ ढवळला, की सोडावॉटरची बाटली हलवल्यावर व्हावे तसे, तो एकदम वर येतो.

या कामातून माणसाची सुटका करण्याचा दावा घेऊन १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये पहिली आधुनिक टाकी आली. झाँ-लुई मुरास याने व्हझूल या गावी घराचा मैला एका बंद, पाण्याने भरलेल्या टाकीत सोडला आणि नळ्यांची तोंडे पाण्याखाली ठेवली, जेणेकरून हवा आत जाऊ नये. बऱ्याच वर्षांनी टाकी उघडली तेव्हा तीत घन मैला जवळजवळ नव्हता. १८८१ मध्ये पेटंट घेतले गेले, आणि या यंत्राला जे नाव मिळाले त्याचा अर्थ होतो ‘आपोआप चालणारा मैला-उपशा’. ज्या कामगाराची जागा घ्यायची त्याचेच नाव यंत्राला दिले गेले. या नावात एक आश्वासन होते: आता कोणालाही खाली उतरावे लागणार नाही. ते आश्वासन अर्धेच खरे होते, आणि पुढचा सगळा इतिहास उरलेल्या अर्ध्याचा आहे.

इंग्लंडमधील एक्झिटर शहराचा सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५ मध्ये हीच कल्पना नगराच्या पातळीवर नेली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. ‘सेप्टिक’ म्हणजे कुजवणारी. तोवर कुजणे हा आरोग्याचा शत्रू समजला जात असे. कॅमेरॉनने त्याला कामाला लावले. आणि ही टाकी मुंबईला पोचण्यास दोन वर्षेसुद्धा लागली नाहीत.

ती आली माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठी म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी १८९० मध्ये तो काढला होता. (शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत मराठी पोवाडे जमवून छापणारे ॲकवर्थ ते हेच, वडाळ्याचे रुग्णालय आजही त्यांचे नाव चालवते.) या आश्रमाच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि १८९७ मध्ये त्या वायूवर इंजिन चालवले गेले. बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचा हा प्रयोग जगभर सांगितला जातो. समाजाने ज्यांना स्पर्शालाही वर्ज्य ठरवले होते त्यांच्या मैल्यातून निघालेली ही ऊर्जा होती. या प्रयोगाचा उल्लेख मराठीत इतका क्वचित व्हावा याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

पण त्याच मुंबईत, त्याच वर्षी, बहुसंख्य घरांच्या मागे टोपलीचे संडास होते, आणि दोन इमारतींमधल्या घरगल्लीतून मैला वाहून नेणारे हात होते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात या कामासाठी वेगळा कर होता. त्याचे नाव हलालखोर कर. हलालखोर म्हणजे हक्काची कमाई खाणारा. शब्द गौरवाचा आणि काम जन्माने लादलेले, असा हा उघड विरोध कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे. टाकीचे तंत्र हाताशी असूनही टोपली टिकली, कारण टाकीला पैसा लागत होता आणि टोपली उचलणारा माणूस स्वस्त होता. जात ही केवळ श्रद्धा नव्हती, ती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातली बचत होती. मुंबईच्या महापालिका कामगारांची संघटना बांधताना बाबासाहेबांनी हे जवळून पाहिले होते, आणि भारतात माणूस भंगी असतो तो कामामुळे नसून जन्मामुळे, हा त्यांचा निष्कर्ष त्या अनुभवावर उभा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांच्या वाट्याला गावकीची कामे आणि मेलेली गुरे ओढणे आले होते. मैला वाहणे मुख्यतः मेहतर, वाल्मीकी, रुखी अशा अन्य जातींवर लादले गेले. धर्मांतरानंतर आपण ती कामे टाकली, शिकलो, परदेशी आलो. टाकीत उतरणारा माणूस त्यामुळे आपल्याला कधी कधी दुसऱ्या कोणाचा प्रश्न वाटतो. हे वाटणे जातीचेच उरलेले काम आहे असे आमचे मत आहे.

अमेरिकेत ही टाकी निराळ्या वाटेने रुजली. कॅमेरॉनच्या कंपनीने येथील गावांकडे पेटंटच्या हक्काची रक्कम मागण्याचा सपाटा लावला. न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्जविरुद्धच्या खटल्यात १९०८ मध्ये तिची सरशी झाली. पण आयोवातील नॉक्सव्हिल शहराविरुद्धच्या खटल्यात १९१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश पेटंटबरोबर अमेरिकन पेटंटही संपल्याचे ठरवले. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव आंबेडकर नावाचा तरुण विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला. हा केवळ योगायोग, पण आपल्या वाचकांना तो नोंदवल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या कडेला घरांच्या रांगा उठल्या, गटारे त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत, आणि टाकी सर्वत्र गेली. हजारो टाक्या काही वर्षांतच तुंबल्या, तेव्हा सार्वजनिक आरोग्य खात्याने अभ्यास करून १९५७ मध्ये सेप्टिक टँकची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा गाभा साधा होता: मुरासला वाटले होते तसा मैला नाहीसा होत नाही.

टाकीत तीन थर होतात. तेल-तूप वर तरंगते, जड गाळ तळाशी बसतो, मधले पाणी नळीने बाहेर जाऊन जमिनीखालच्या खडीच्या चरांत झिरपते. जिवाणू गाळाचा बराच भाग पचवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे चढत जातो आणि एक दिवस मधल्या पाण्याबरोबर चरांत शिरतो. टाकी उपसता येते. माती एकदा बुजली की ती उपसता येत नाही, आणि नवे चर खणण्याचा खर्च विहाराच्या कित्येक वर्षांच्या वर्गणीइतका होतो. म्हणून दर ३ वर्षांनी तपासणी आणि सामान्यतः ३ ते ५ वर्षांनी उपसा, असे पर्यावरण खाते सांगते. गाळाचा माथा बाहेर जाणाऱ्या नळीच्या १२ इंचांच्या आत आला, किंवा वरच्या थराची खालची कड ६ इंचांच्या आत आली, तर वाट पाहू नये. बाजारात मिळणारी जिवाणूंची पुडी उपशाची जागा घेत नाही.

आपल्या स्वयंपाकघरांविषयी दोन शब्द. फोडणीचे उरलेले तेल, कढईतला तुपाचा थर, डाळीचा गाळ हे सिंकमध्ये गेले की वरचा थर अमेरिकन शेजाऱ्याच्या टाकीपेक्षा झपाट्याने वाढतो. कढई धुण्याआधी कागदाने पुसून घेणे ही सर्वांत स्वस्त देखभाल आहे. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेले असो, कचऱ्याच्या डब्यात जावेत. चरांवर गाडी उभी करू नये, झाड लावू नये, छपराचे पाणी तिकडे वळवू नये. ज्यांचे हॉटेल आहे त्यांनी तेल अडवणारी ग्रीज ट्रॅप एक चतुर्थांश भरण्याच्या आत साफ करवून घ्यावी. विहारांची अडचण वेगळी असते: एरवी आठवड्यात वीस माणसे, आणि १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला तीनशे. एका दिवसाच्या या लोंढ्याने गाळ ढवळून चरांत जातो. त्या दिवसासाठी फिरते संडास भाड्याने आणणे हा त्यावर साधा उपाय आहे. शिवाय दिवसाला २० किंवा अधिक माणसांची क्षमता असलेली, घराखेरीज अन्य वास्तूची सेप्टिक यंत्रणा येथील केंद्रीय नियमांखाली येते आणि तिची नोंद करावी लागते; हे अनेक संस्थांच्या विश्वस्तांना माहीत नसते. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तर १९९५ पासून घर विकताना टाकीची तपासणी सक्तीची आहे.

या देशातही टाकी सर्वांना समान वागवत नाही. अलाबामातील लाउंडीस काउंटी ही सेल्मा आणि माँटगोमेरी यांच्यामधली भूमी. १९६५ चा मतदानहक्काचा मोर्चा हिच्यातूनच गेला. तेथील माती चिकण आहे, पाणी मुरत नाही, आणि त्या मातीत चालणारी यंत्रणा तेथल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून मैला नळीने मागच्या अंगणात सोडला जातो. शासनाने काय केले? टाकी नाही म्हणून लोकांवर खटले भरले, काहींना अटक केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत अंकुशकृमीचे अंश सापडले. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न देशापुढे मांडला. केंद्रीय न्यायखात्याने २०२१ मध्ये चौकशी सुरू केली, २०२३ मध्ये राज्याशी करार झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने तो करार संपवला. आपण ज्या देशात समतेची भाषा शिकवायला आणि शिकायला आलो, त्या देशातला हा ताजा इतिहास आहे.

तरीही एका बाबतीत येथला कायदा स्पष्ट आहे. बंदिस्त जागेत कामगाराने उतरण्याविषयीचा नियम १९९३ मध्ये झाला: आधी हवा तपासायची, बाहेर माणूस उभा ठेवायचा, वर ओढण्याची दोरी हवी. अशा जागांतील मृत्यूंचा आढावा घेऊन येथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये दाखवून दिले होते की मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण वाचवायला उतरलेले असतात. त्याच १९९३ साली भारतात हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा झाला. पण त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटार आणि सेप्टिक टँक त्यातून सुटले. त्यांना कायद्यात जागा मिळण्यास २०१३ साल उजाडले, आणि त्यातही बंदी आहे ती ‘धोकादायक’ सफाईवर. सुरक्षासाधने दिली की ती धोकादायक राहत नाही, अशी पळवाट व्याख्येतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण मृत्यू थांबले नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन कामगार मेले, आणि भरपाईसाठी त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. टोपली गेली, टाकी आली, आणि जो माणूस गल्लीतून दिसत होता तो झाकणाखाली गेला.

हे सगळे आपल्यापासून दूर नाही. नागपूर, नाशिक, अकोला येथे आई-वडिलांसाठी आपण बांधलेल्या घरांत हीच टाकी आहे, आणि ती तुंबली की खर्चाचा फोन आपल्यालाच येतो. २०१३ च्या कायद्यातली बंदी घरमालकालाही लागू आहे. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक मालमत्तेची टाकी व्हॅक्यूम गाडीने उपसण्याचे वेळापत्रक सुरू केले. पाठोपाठ सिन्नरनेही केले. टाकी तुंबण्याची वाट पाहावी लागत नाही आणि गाळ नाल्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. अन्य गावांत हे व्हायचे आहे, तोवर फोनवर तीन प्रश्न विचारावेत: गाडी कोणाची, गाळ कोठे रिकामा होणार, आणि कोणी आत उतरणार आहे काय. तिसऱ्या प्रश्नाला ‘थोडे उतरावे लागेल’ असे उत्तर आले तर काम तेथेच थांबवावे. घट्ट झालेला गाळ बाहेरूनच पाण्याचा जोरदार झोत मारून सैल करता येतो. जुन्या टाक्यांत पुष्कळदा दुसऱ्या कप्प्यावर झाकणच ठेवलेले नसते, म्हणून माणूस उतरवला जातो. तेथे गवंड्याकडून एक झाकण पाडून घ्यावे, आणि पुढच्या उपशाची तारीख घरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.